वर्षाचे पैसे आगाऊ की महिन्याचे रिचार्ज: सांगलीत ब्रॉडबँड घेताना सोडण्याच्या अटींची तुलना

सांगलीत नवे ब्रॉडबँड घेणारा ग्राहक साधारणपणे दोनच प्रश्न विचारतो: स्पीड किती आणि महिन्याला किती पडतील. पंधरा दिवसांत पटले नाही तर पैसे परत मिळतील का, हा तिसरा प्रश्न बहुधा भिंतीला भोक पाडून वायर आत आल्यावर सुचतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. शहरात समोर येणारे दोन मुख्य पर्याय म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्याचे महिन्याच्या रिचार्जवर चालणारे फायबर आणि मोठ्या कंपनीचा सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ घेणारा प्लॅन. घरगुती वापरापुरते पाहिले तर जाहिरातीतल्या स्पीडमध्ये दोघांत फारसे अंतर उरलेले नाही. अंतर पडते ते कनेक्शन सोडताना.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोबाइलवर याविषयी शोधले की ‘१४ दिवसांचा कूलिंग-ऑफ कालावधी’ सापडतो आणि तो आपल्यालाही लागू असेल असे वाटते. हा नियम ब्रिटनमधील आहे. तेथील २०१३ च्या ग्राहक करारविषयक नियमांनुसार फोनवर, ऑनलाइन किंवा घरी आलेल्या विक्रेत्याशी केलेला ब्रॉडबँडचा करार, तो झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत, कोणतेही कारण न देता रद्द करता येतो. दुकानात जाऊन केलेल्या कराराला मात्र या नियमांनुसार ही सोय नाही. मुदत करारापासून मोजली जात असल्यामुळे जोडणीला दहा दिवस लागले तर वापरून पाहायला चारच दिवस उरतात, आणि ग्राहकाच्याच विनंतीवरून सेवा मुदतीच्या आत सुरू झाली असेल तर वापरलेल्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. कंपनीने या हक्काची माहितीच दिली नसेल तर मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबू शकते. लेस्टरला किंवा मँचेस्टरला शिकायला गेलेली मुले घरी फोनवर हे सांगतात तेव्हा ती खरेच सांगत असतात. फक्त सांगलीच्या विश्रामबागेतल्या कनेक्शनला त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यावर फेरविचारासाठी ३० दिवस मिळतात, परंतु ब्रॉडबँडसाठी कायद्याने दिलेला असा सरसकट कालावधी नाही. जे मिळते ते कंपनीच्या मर्जीने. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२० मध्ये जिओफायबरने नव्या ग्राहकांसाठी ३० दिवसांची मोफत चाचणी सुरू केली होती. अशा योजना येतात आणि जातात, त्यामुळे आपण पैसे भरू त्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर असलेल्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय आहे. कायदा आपल्या बाजूने उभा राहतो तो दुसऱ्या कारणासाठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवा बंद करून तिचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे ‘मन बदलले’ याला आपल्याकडे किंमत नाही, पण ‘सेवा सदोष आहे’ याला आहे. पुढची सगळी तुलना या एका फरकावर उभी आहे.

हा फरक मला फी भरून शिकावा लागला. एका कंपनीचे वार्षिक कनेक्शन घेतले तेव्हा वायरमन स्टुलावर उभा राहून इंटरनेटची डबी, म्हणजे राउटर, भिंतीला लावत होता. हिरवा दिवा लागला आणि मागे न वळताच त्याने विचारले, “काका, ओटीपी आला का?” मी चार आकडे वाचून दाखवले. जोडणी झाली आणि अटी मान्य आहेत, असे त्या मेसेजात ओटीपीच्या खालच्या ओळीत लिहिले होते, हे मी सहाव्या दिवशी वाचले. तोवर रोज रात्री आठ ते दहा या वेळेत व्हिडिओ कॉल तुटत होते. वैतागून ॲपमध्ये कनेक्शन बंद करायला गेलो, तर कारणांच्या यादीत पहिलेच कारण ‘घर बदलत आहे’ असे होते आणि लवकर सुटका व्हावी म्हणून मी तेच निवडले. कंपनीच्या लेखी मी स्वखुशीने सोडून चाललेला ग्राहक झालो. माफ केलेले जोडणीशुल्क वसूल झाले आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत न मिळणाऱ्या रकमेत गेले. त्याच ठिकाणी ‘स्पीड मिळत नाही’ असे लिहून आधी तक्रार नोंदवली असती, तर भांडायला जागा राहिली असती.

आता आकड्यांकडे वळू. समजा प्लॅन महिना ६०० रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०८ रुपये होतात. महिन्याच्या रिचार्जवर घेतले तर जोडणीचे १५०० रुपये, म्हणजे करासह १७७०, सुरुवातीला द्यावे लागतात. वार्षिक प्लॅनमध्ये दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने मिळतात आणि जोडणी माफ असते, असे धरले तर एकरकमी ७०८० रुपये जातात. सात महिन्यांनी सोडले तर महिन्याच्या हिशोबाने ६७२६ रुपये खर्च होतात, आठ महिन्यांनी सोडले तर ७४३४. याचा अर्थ, किमान आठ महिने त्याच घरात राहू आणि कनेक्शन नीट चालेल अशी खात्री असेल तरच वार्षिक प्लॅन स्वस्त. पंधरा दिवसांत सोडावे लागले तर महिन्याच्या रिचार्जवाल्याचे २४७८ रुपये जातात आणि वार्षिकवाल्याचे सगळे ७०८० रुपये पणाला लागतात. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. आपल्याला सांगितलेले दर त्या जागी घालून हिशोब पाच मिनिटांत होतो, आणि तो पैसे भरण्यापूर्वी करावा. जोडणी माफ करून वर्षाला बांधण्याची पद्धत वायरविना चालणाऱ्या सेवांतही आहे: जिओ एअरफायबर सप्टेंबर २०२३ मध्ये आले तेव्हा जोडणीचे १००० रुपये होते आणि वार्षिक प्लॅनवर ते माफ होते.

केवळ सुटसुटीतपणा पाहिला तर केबलवाला सरस ठरतो. रिचार्ज संपले की पुढचे करायचे नाही, एवढीच त्याची रद्द करण्याची पद्धत. लाल दिवा लागला तर वखारभागातल्या दुकानात जाऊन उभे राहता येते, आणि उद्याही त्याच गल्लीतून जायचे असल्यामुळे तो टाळाटाळ करताना थोडा संकोचतो. पण त्याची दुबळी बाजूही इथेच आहे. पैसे त्याच्या खासगी यूपीआय खात्यावर जातात, डबीचे डिपॉझिट तोंडी ठरते आणि पावती मागितली की “तुमच्यावर विश्वास नाही का आमचा?” असे ऐकावे लागते. इंटरनेट सेवेचा परवाना अ, ब आणि क अशा वर्गांत दिला जातो, त्यांतला क वर्ग जवळपास जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता असतो; आपला केबलवाला स्वतः परवानाधारक आहे की दुसऱ्या कोणाचा वितरक, हे पावतीशिवाय कळत नाही, आणि तक्रार कोणावर करायची हेही मग कळत नाही. त्याच्याकडून घ्यायचे असेल तर डिपॉझिटची रक्कम आणि परवानाधारकाचे नाव असलेली पावती ही अट मी सोडणार नाही.

मोठ्या कंपनीच्या बाबतीत कागद भरपूर असतो आणि दाद मागण्याची वाटही आखलेली असते. तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळतो. निवारण पटले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते. त्यानंतर सांगलीतला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि दूरसंचार सेवांचे वाद ग्राहक आयोग ऐकू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा: सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगात चालते, तर करारातली अटच अन्यायकारक आहे, अशी तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सात हजारांसाठी तिथवर कोण जाणार? म्हणून तक्रारीत अटींवर टीका करण्यापेक्षा सेवेतला दोष मांडणे शहाणपणाचे. त्यासाठी सलग तीन रात्री एकाच वेळी, शक्यतो लॅपटॉपला वायर जोडून, स्पीड मोजून स्क्रीनशॉट ठेवावेत, आणि ‘सेवा सदोष असल्यामुळे ती बंद करून रक्कम परत करावी’ असे ईमेलवर लिहावे. फोनवर झालेले बोलणे नंतर कोणालाच आठवत नाही.

गावभागात किंवा नदीच्या अंगाला राहणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी गाठू लागले की तिथली कुटुंबे सामान हलवतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये अनेकांना घरे सोडावी लागली. वार्षिक प्लॅनचे दिवस त्या काळातही मोजले जाऊ शकतात. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर वर्षाचे पैसे भरण्याचा सल्ला मी देणार नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी, ज्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो, निदान मालक तो वाढवणार का हे विचारल्याशिवाय बारा महिन्यांचे इंटरनेट घेऊ नये. स्वतःचे घर, उंचावरचा भाग आणि शेजारी तेच कनेक्शन वर्षभर नीट चाललेले असेल, तर मात्र वार्षिक प्लॅन घ्यायला हरकत नाही. इतरांनी पहिले दोन महिने रिचार्जवर काढावेत. जोडणीचे जास्त गेलेले पैसे ही परतीच्या वाटेची किंमत समजावी.

कनेक्शन कोणाचेही असो, सोडताना डबी, तिचा अडॅप्टर आणि असल्यास सेट-टॉप बॉक्स परत करावा लागतो. डबीच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या सीरियल क्रमांकाचा फोटो काढावा आणि नेणाऱ्या माणसाकडून तोच क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. त्याच्याकडे पावतीपुस्तक नसेल तर त्याने साध्या कागदावर तारीख टाकून सही केली तरी चालते. त्या कागदाशिवाय डबी हातातून सोडू नये.