पोर्शे ९४४चा बंद पडलेला ओडोमीटर: दुरुस्तीनंतरचे काही महिने

आधी निष्कर्ष सांगतो. माझ्या १९८६ सालच्या ९४४ या पोर्शे स्पोर्ट्स कारचा ओडोमीटर, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर पळाली ते दाखवणारा मीटर, एक छोटं दातेरी चाक बदलल्यावर चालू झाला. शरदात काम केलं, मधला सगळा हिवाळा गेला, तरी तो एकदाही अडकलेला नाही. ज्यांची ९४४ अशीच आकडा गोठवून बसली आहे त्यांनी ही दुरुस्ती जरूर करावी, आणि लवकर करावी.

या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालत नाही. गिअरबॉक्स मागे, डिफरन्शिअलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला) जोडून आहे, तिथला सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. त्यावरच वेगाचा काटा हलतो आणि त्यावरच एक इवलीशी मोटर आकड्यांची चाकं फिरवते. म्हणून काटा नीट चालतोय पण एकूण आणि ट्रिप (शून्यावर आणता येणारा, एका प्रवासापुरता) दोन्ही आकडे थांबलेत, तर सेन्सरवर संशय घेऊ नका. मोटर आणि आकडे यांच्यामधलं प्लास्टिकचं चाक दात गाळून बसलेलं असतं. काटाही मेला असेल, तर मात्र मागच्या सेन्सरपासून आणि वायरिंगपासून सुरुवात करा.

जुना अख्खा क्लस्टर, म्हणजे स्टिअरिंगमागचा सगळा मीटरांचा संच, विकत घेऊन बसवायचा सल्ला मला इथे जर्मनीत दोघातिघांनी दिला. मला तो पटला नाही. दुसऱ्या गाडीचं रनिंग आपल्या गाडीच्या डोक्यावर का घ्यायचं? शिवाय त्यातलं चाकही तेवढंच जुनं. नव्या प्लास्टिकचं सुटं चाक मिळतं, ते मागवलं. बॅटरी सोडवली, स्टिअरिंग काढलं म्हणजे हात घालायला जागा होते. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. तुमच्या गाडीत असेल तर स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्याची रीतसर माहिती घ्या. जुन्या चाकाचा चुरा आतून चिमट्याने वेचून काढावा लागतो. एक तुकडा राहिला तरी नवे दात त्यात अडकतील. वेगाचा काटा उपटायचा मोह टाळा, त्याची शून्याची जागा हलते. तेलाचा थेंबही सोडला नाही, कारण जुन्या प्लास्टिकला तेल मानवत नाही. क्लस्टर हातात आहे तोवर मागचे सगळे बल्ब बदलून टाका.

आता खरा मुद्दा. या गाडीत रनिंगचा आकडा केवळ विक्रीच्या वेळी लागत नाही. तिचं अडीच लिटरचं इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागतं. इंजिनची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा, तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये गुंतला तरी तेच. दोन्ही किती किलोमीटरला बदलायचे हे ठरवायचं कशावर? आधीच्या मालकाने बेल्टचं बिल जपून ठेवलं होतं, त्यावर किलोमीटरही लिहिलेले होते. पण मीटर बंद असताना गाडी किती पळाली हे त्या कागदावरून कळणार कसं? म्हणून चाक बदललं त्याच आठवड्यात दोन्ही बेल्ट नवे टाकले आणि तिथून मोजणी सुरू केली. चाकाला तीस-चाळीस युरो लागले, बेल्टचं काम त्याच्या कितीतरी पट. तरीही आता सर्व्हिसची प्रत्येक नोंद विश्वासाने लिहिता येते, याचं मला मनापासून समाधान आहे.

मीटरची अचूकता तपासायला ऑटोबानच्या (जर्मन महामार्गाच्या) कडेला दर अर्ध्या किलोमीटरला असणारे आकड्यांचे फलक उत्तम. ए ८१ या ऑटोबानवर लांब टप्प्यात ट्रिप मीटर त्यांच्याशी चांगला जुळला. जो किंचित फरक आला तो झिजलेल्या टायरांचा असावा, कारण टायर बदलल्यावर तो कमी झाला. थंडीत सकाळी आकडे अडखळतील अशी धास्ती होती, तसं झालं नाही. एक शिस्त मात्र कडक पाळतो: ट्रिपचं बटण गाडी पूर्ण उभी असतानाच दाबायचं. चालत्या गाडीत ते दाबलं की मीटरमधल्या फिरत्या चाकांवर एकदम ताण येतो आणि दात तिथेच जातात. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली तर मी हे किल्ली देतानाच सांगतो.

मीटर बंद होता त्या काळातले किलोमीटर अंदाजाने पुढे सरकवावेत का, असंही एकाने विचारलं. मी आकड्यांना हात लावला नाही. जर्मनीत २००५ पासून मीटरमध्ये फेरफार करणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. दर दोन वर्षांच्या तपासणीच्या अहवालात किलोमीटर छापलेले असतात. जुने अहवाल लावून पाहिलं की आकडा कुठे थांबला ते स्पष्ट दिसतं. ते अहवाल, तुटलेल्या चाकाचा फोटो, दुरुस्तीची तारीख आणि त्या दिवशीचा आकडा एका फाइलमध्ये लावले आहेत. गाडी विकेन तेव्हा ती फाइल किल्लीसोबत जाईल.