तिरळ्या डोळ्याला सुई की सुरी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात नंबर काढत माझी बरीच वर्षं गेली. तिरळ्या डोळ्याचं पोर घेऊन येणारे आईबाप पूर्वी एकच विचारायचे, ऑपरेशन केलंच पाहिजे का? हल्ली त्याला जोड असते: "दादा, त्याचं इंजेक्शनबी असतंय म्हणं."

असतं. आणि ते बोटॉक्सच. सुरकुत्या घालवायचं औषध हे नाव त्याला मागाहून चिकटलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते डोळ्यासाठीच हाती घेतलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली तीही तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी.

इंजेक्शन आणि ऑपरेशन, दोन्हींचं काम मात्र अगदी वेगळं. ऑपरेशनमध्ये जास्त ओढणारा स्नायू डोळ्याच्या गोळ्यावरच थोडा मागे सरकवून शिवतात, किंवा कमी पडणारा आखूड करतात. (डोळा बाहेर काढून ठेवत नाहीत. हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं.) इंजेक्शनमध्ये कापणं-शिवणं नाही. डोळा नाकाकडे वळत असेल, तर नाकाकडच्या स्नायूत सव्वा ते पाच युनिट औषध जातं आणि तो लुळा पडतो. दोन-तीन दिवसांत परिणाम दिसू लागतो, साधारण तीन महिन्यांत ओसरतो. तेवढ्या काळात विरुद्ध बाजूचा स्नायू डोळा आपल्याकडे ओढून घेतो. औषध उतरल्यावर डोळा सरळ राहील की पुन्हा वळेल, हे बरंचसं मेंदूवर असतं. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र जुळवायची ताकद मेंदूत असेल, तर तो डोळे धरून ठेवतो. नसेल, तर पुन्हा सुई, नाहीतर शेवटी ऑपरेशनच.

म्हणून नुसतं सुई बरी की सुरी विचारून भागत नाही, तिरळेपणा कुठला ते आधी कळायला हवं. डोळा आतच वळणारं तान्हं बाळ, मोठेपणी अचानक आत वळलेला डोळा, ऑपरेशननंतर थोडा उरलेला फरक, अशा ठिकाणी इंजेक्शनला खरा वाव आहे. मधुमेहाच्या माणसाला डोळा बाहेर वळवणारी सहावी नस कमजोर होऊन एकाची दोन दिसायला लागली, तरी ते कामी येतं. ती नस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप सुधारते, तोवर आतला स्नायू आखडू नये एवढंच बघायचं असतं. पण अशा माणसाने आधी फिजिशियन गाठावा, डोळा नंतर. उलट लहानपणापासूनचा मोठा तिरळेपणा, वर-खाली सरकणारा डोळा, चिकटून कडक झालेला स्नायू, इथे सुईवर आशा ठेवू नये. दहावीतल्या मुलीच्या डोळ्यात दहा वर्षांचा ठसठशीत तिरळेपणा असेल, तर मी घरच्यांना सरळ सांगतो, ऑपरेशनचंच बघा.

इंजेक्शन म्हणजे भूल नाही, हा समज अर्धाच खरा. मोठ्या माणसाला डोळा बधिर करायचे थेंब टाकून देतात. सुई स्नायूतच आहे ना, हे कळायला मशीन जोडलेलं असलं, तर त्याची खरखर पेशंटलाही ऐकू येते. तीन वर्षांचं पोर काही हलल्याशिवाय पडून राहत नाही. त्याला थोडा वेळ का होईना, भूल लागतेच.

दुसरी गोष्ट घरी कुणी आधी सांगितलेली नसते, मग धावपळ होते. सुईनंतर पापणी काही आठवडे खाली लोंबू शकते. आत वळणारा डोळा उलट बाहेर गेलेला दिसू शकतो. बहुतेकदा हे आपोआप निवळतं, पण लहान मुलाची पापणी बाहुली झाकत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा, नजर मंदावू शकते. ऑपरेशननंतर डोळा दोन-तीन आठवडे लाल राहतो, टाके आपले आपण विरघळतात. विहिरीतलं पोहणं आणि तालमीची तांबडी माती मात्र डॉक्टर सोडतील तेव्हाच. आमच्याकडच्या पोरांना सगळ्यात जड जातं ते हेच. फरक थोडा उरून पुन्हा टेबलावर जावं लागणं ऑपरेशनमध्येही घडतं.

खर्चाचं म्हणाल, तर एका वेळची सुई ऑपरेशनपेक्षा हलकी वाटते. पण बाटली ५० किंवा १०० युनिटांची, लागतं चिमूटभर, म्हणून काही डॉक्टर तीन-चार पेशंट एकाच दिवशी बोलावतात. त्यात तिरळेपणाची सुई देणारा प्रत्येक गल्लीत नसतो. गडहिंग्लज किंवा चंदगडहून येणाऱ्याने दोन-तीन फेऱ्यांचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी धरूनच हिशेब मांडावा.

आता हे माझ्या धंद्याचं म्हणून नाही, पण सुई-सुरीच्या आधी थेंब घालून नंबर काढून घ्या. प्लसचा मोठा नंबर असलेल्या कितीतरी मुलांचा डोळा नुसत्या चष्म्याने सरळ होतो. आळशी, म्हणजे नजर मंदावलेल्या डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लागते ती लागतेच, ते काम सुईही करत नाही आणि ऑपरेशनही. त्याच तपासणीत बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा बघायला सांगा. "लकी डोळा हाय, असू दे" म्हणत घरी ठेवलेल्या मुलाच्या बाहुलीत फोटोत पांढरी झाक दिसत असेल, तर सुई-सुरीची चर्चा राहू दे, उद्या सकाळी सीपीआर या आमच्या सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या ओपीडीत नंबर लावा.