स्टाइनबॅकचं मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज: पवनचक्की शेवटी, आधी स्वयंपाकघर

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगहून आग्नेयेला तासाभरात स्टाइनबॅक येतं. गावाच्या उत्तर टोकाला, हायवे १२ ला लागून, चाळीस एकरांत मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं हे उघड्यावरचं संग्रहालय पसरलंय. आत शिरलेला माणूस सरळ पवनचक्कीकडे चालू लागतो. चक्की देखणी आहे, वारा असला की दळणही होतं. पण ती २००१ ची. आधीची २००० मध्ये जळाली. मेनोनाइट शेतकऱ्याच्या बायकोचा दिवस कसा जायचा आणि ती गेल्यावर घरात काय व्हायचं, हे समजून घ्यायचं असेल तर चक्की शेवटी ठेवा.

सुरुवात सेमलिनपासून. १८७४ ते १८८० मध्ये रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनच्या भागातून, सुमारे ७,००० मेनोनाइट मॅनिटोबात आले. पहिले हिवाळे अनेकांनी अशा अर्ध्या जमिनीत खणलेल्या, गवत-मातीच्या छपराच्या खोपटात काढले. स्वयंपाक, आजारपण, बाळंतपण, सगळं त्यातच. पाच मिनिटं पुरतात.

वेळ द्यायचा तो १८९२ च्या खोर्टिट्झ हाउसबार्नला. घर आणि गोठा एकमेकांना जोडलेले, म्हणजे उणे तीस अंशांत धारेला जाताना अंगणही ओलांडावं लागत नाही. वास मात्र घरात येणारच, आणि आगीची धास्ती कायमची.

अशा घराचं मर्म म्हणजे मधोमध भिंतीत बांधलेली विटांची भट्टी. तोंड एका बाजूला, पण तिच्या तापलेल्या भिंती दोन-तीन खोल्यांत उघड्या, त्यामुळे एका जाळात सगळं घर ऊबदार. जळण म्हणून लाकूड नसेल तिथे गव्हाचं काड. काड भसकन पेटतं आणि तसंच विझतं. म्हणून पेंढ्या पिळून एकामागून एक सारत बसायचं, विटा तापल्या की थांबायचं. पुढचे कित्येक तास ती ऊब टिकते आणि त्याच उष्णतेवर पाव भाजून निघतो. दुसरं जळण शेणाचं: गोठ्यातलं शेण आणि काड पसरून घोड्यांकडून तुडवायचं, फावड्याने विटांसारखे तुकडे कापायचे, उन्हाळाभर उलटेपालटे करून वाळवायचे. नीट वाळलं नाही तर धूर जास्त आणि धग कमी. ओढूनताणून रुंद करायचा झोपायचा बाकही जरूर बघा. दिवसा बसायला, रात्री दोन-तीन पोरं त्यात.

एक तक्रार आहे, पण ती अशा सगळ्याच संग्रहालयांबद्दल. घरं फार आवरलेली असतात. डुक्कर कापायच्या दिवशी विटांत बसवलेल्या मोठ्या कढईत चरबी कढत असायची, आतडी धुतली जायची, सॉसेज भरलं जायचं. तो पसारा आपल्यालाच मनात उभा करावा लागतो.

तिच्या मृत्यूनंतरचं तर मुद्दाम विचारावं लागतं. तिथे माहिती सांगणाऱ्या माणसाला ‘वाइझनआम्ट’बद्दल विचारा. ही मंडळीची, म्हणजे चर्चची, अनाथ मुलांचा पैसा सांभाळणारी संस्था. नवरा किंवा बायको गेली की जमीन, जनावरं, अवजारं, कर्ज या सगळ्यांची यादी व्हायची. अर्धा वाटा मागे राहिलेल्या जोडीदाराला, अर्धा मुलांना, आणि मुलगा-मुलगी अगदी समान. समजा कर्ज वजा जाता १,२०० डॉलर उरले आणि मुलं आठ, तर बापाला ६०० आणि प्रत्येक मुलाला ७५. लहानांचा वाटा संस्थेकडे व्याजाने ठेवता यायचा, त्यांच्यासाठी पालक नेमले जायचे, आणि हे मिटल्याशिवाय विधुराला दुसरं लग्न करता यायचं नाही. विधवेलाही हाच नियम. पालक मात्र पुरुषच. मुलींना जमीन मिळायची म्हणून कित्येक जावई बायकोच्या गावी राहायला यायचे. पुढे १९२०-३० च्या दशकांत शेतीच्या मंदीत यातल्या अनेक संस्था बुडाल्या. कढई आणि भट्टी बघून ‘बिचारी राबली’ एवढंच वाटत असेल, तर हे ऐकून मत थोडं बदलेल.

मयताचं आमंत्रण कागदावर लिहून घरोघर फिरवलं जायचं, आणि दफनानंतर कॉफी, साखरेचे खडे आणि ट्वीबाक. हा दोन मजली पाव रविवारी, लग्नात, मयतात सगळीकडे असतो. अर्धा लिटर दूध, सव्वादोनशे ग्रॅम लोणी (किंवा निम्मं लोणी, निम्मी चरबी), दोन चमचे मीठ, थोडी साखर, यीस्ट आणि साधारण किलोभर मैदा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पीठ पिळून गोळा तोडायचा, त्यावर लहान गोळा ठेवून अंगठा पार तळापर्यंत दाबायचा. डोकं कलंडतं ते इथेच चुकल्यामुळे, नाहीतर पीठ सैल झाल्यामुळे. २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. उरलेले मंद आचेवर खडखडीत वाळवले की महिनोन् महिने टिकतात. बोटीच्या प्रवासात हाच शिधा.

आवारातल्या लिव्हरी बार्न रेस्टॉरंटमध्ये वरेनिकी घ्या. करंजीच्या आकाराचं, आत खारं पनीर, वर मलईचा दाट पांढरा रस्सा. सारण ओलं राहिलं की उकळताना फुटतं, म्हणून पनीर कोरडं लागतं. शाकाहारी असाल तर सोबतचं सॉसेज डुकराचं असतं हे लक्षात ठेवा, आणि कोबीच्या बोर्श्टमध्ये, म्हणजे सूपमध्ये, मांसाचं पाणी आहे का ते आधी विचारा. आलुबुखार-मनुकांचं गार प्लूममोस, म्हणजे फळांचं सूप, गोड आहे, पण जेवणाबरोबरच खातात.

पाचपैकी चार. बाहेरची घरं साधारण मे ते सप्टेंबरच उघडी असतात; हिवाळ्यात गेलात तर मुख्य इमारतीतल्या दालनांवर समाधान मानावं लागेल. जून-जुलैत डासांचं मलम हवंच. दगडी जात्यावरचं पीठ विकत घेतलंत तर फ्रिजमध्ये ठेवा, त्यात कोंडा-अंकुर असल्याने लवकर खवट होतं. ट्वीबाकसाठी त्यात निम्मा मैदा मिसळा, नाहीतर वरचा मजला फुगत नाही.