‘ॲडोलसन्स’ : खुनाचा आळ आलेलं घर

खून कोणी केला, हा प्रश्न ही मालिका पहिल्याच भागात निकालात काढते. रहस्याच्या ओढीने बसणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं. नेटफ्लिक्सवर मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘ॲडोलसन्स’चे भाग चारच आहेत, प्रत्येक साधारण ५० ते ६५ मिनिटांचा. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात पहाटे पोलीस दार फोडून घरात शिरतात आणि १३ वर्षांच्या जेमी मिलरला, त्याच्याच शाळेतल्या केटीच्या खुनाच्या संशयावरून उचलतात. बाप एडी प्लंबर, आई मँडा, थोरली बहीण लिसा. पुढे या घराचं काय होतं, हीच खरी गोष्ट.

प्रत्येक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच टेकमध्ये, म्हणजे मधे कुठेही कट न करता, चित्रित केला आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर शूटिंग बघायला उभे राहिलेल्यांना याचं मोल लगेच कळेल. दोन मिनिटांच्या प्रसंगासाठी तिथे अर्धा दिवस जातो, आणि इथे तासभरात कुणाचं एक वाक्य चुकलं तरी सगळं पहिल्यापासून. दर भागासाठी आधी नटांची तालीम, मग कॅमेऱ्यासकट तालीम आणि मगच चित्रीकरण, अशी रीत होती. दुसऱ्या भागात शाळेतला मुलगा खिडकीतून उडी टाकतो आणि पोलीस अधिकारी बॅस्कम त्याच्यामागे धावतो, तेव्हा कॅमेराही खिडकीतून पलीकडच्या माणसाच्या हातात जातो. भागाच्या शेवटी तोच कॅमेरा ड्रोनला अडकवून गावावरून नेला आहे, खाली उतरवून पुन्हा हातात घेतला आहे आणि थेट एडीच्या चेहऱ्यापाशी नेऊन थांबवला आहे.

पण ही नुसती कसरत असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. कट नसल्यामुळे पाहणाऱ्याला सुटका मिळत नाही. पोलीस गाडीतून ठाण्यापर्यंतचा रस्ता जेमीबरोबर आपणही पूर्ण काटतो. ठाण्यात नोंद, हक्क वाचून दाखवणं, नर्सची तपासणी, सरकारी खर्चाने मिळणारा वकील आणि मग अंगझडती, हे सगळं क्रमाने येतं. इंग्लंडच्या कायद्यानुसार अल्पवयीन संशयिताच्या चौकशीत एक जबाबदार मोठा माणूस सोबत लागतो. जेमी वडिलांचं नाव घेतो. त्यामुळे झडतीच्या वेळी भिंतीशी उभं राहायची आणि सीसीटीव्हीचं चित्रण पाहायची वेळ एडीवर येते. स्टीफन ग्रॅहमने हा बाप असा उभा केला आहे की झडती चालू असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

इथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मालिकेत दिसतं तसं साताऱ्यात होणार नाही, व्हायला नको. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही, ही तपासणी फक्त १६ ते १८ वयाच्या मुलांबाबत होते. तेराव्या वर्षी तो प्रश्नच उद्भवत नाही, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून गुन्हेगारी जबाबदारी धरतात आणि खुनाचा खटला ज्युरीपुढे चालतो. आणखी एक. अशा मुलाचं नाव किंवा फोटो कुठेही फिरवणं आपल्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. कायद्याच्या शब्दांत वर्तमानपत्राबरोबर ‘इतर संपर्कमाध्यमं’ही येतात, तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पुढे ढकलणारेही त्यात बसतात. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

तिसरा भाग सर्वोत्तम. सात महिन्यांनंतर एका खोलीत जेमी आणि मानसशास्त्रज्ञ ब्रायनी, बाकी जवळजवळ काहीच नाही. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, आणि चित्रीकरणात हाच भाग सर्वांत आधी झाला. गोड बोलणारा पोरगा क्षणात खुर्ची सोडून उभा राहून ओरडतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा लहान होतो. एरिन डोहर्टीने ब्रायनीची भीती फक्त श्वासातून दाखवली आहे. जेमीच्या भूमिकेसाठी १५ व्या वर्षी कूपरला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार मिळाला. मालिकेने एकूण आठ एमी जिंकले.

चौथ्या भागात एडीचा पन्नासावा वाढदिवस आहे आणि कुणीतरी त्याच्या व्हॅनवर घाण शब्द रंगवून ठेवलाय. आईबाप पलंगावर बसून बोलतात, ते प्रत्येक पालकाने ऐकावं : पोरगा आपल्या खोलीत, संगणकासमोर, म्हणजे सुरक्षित, असंच ते समजत होते. साताऱ्यातही क्लासवरून आलेला मुलगा दार लावून मोबाइल घेऊन बसला की घर निर्धास्त असतं. एडीला स्वतःच्या बापाने मारलेलं, म्हणून त्याने मुलावर हात न उगारायचं ठरवलं आणि ते पाळलंही. तरीही हे घडलं, आणि मालिका त्याचं सोपं उत्तर देत नाही.

उणीव मोठी आहे : केटीच्या घरचे लोक जवळजवळ दिसतच नाहीत. सगळ्यांना जेमी आठवेल, ती नाही, असं मालिकेतली महिला पोलीसच बोलून दाखवते. पण चूक ओळखली म्हणजे ती भरून निघत नाही. शाळेचा भागही मधे सैल पडतो, आणि मुलांच्या इमोजींचे अर्थ बॅस्कमला त्याच्या स्वतःच्या मुलाने सांगेपर्यंत ठाऊक नसतात, तो प्रसंग उरकल्यासारखा वाटतो.

बघताना : १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, किमान १९९चा घ्या. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, तेव्हा रोजच्या दीड जीबीत भाग पुरा होणार नाही, वायफाय हवंच. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर फिरत्या कॅमेऱ्याचं चित्र डेली सोपसारखं दिसतं. बोली उत्तर इंग्लंडची, भराभर बोललेली, सबटायटल चालू ठेवा. मध्ये पॉज करू नका. आणि तिसरा व चौथा भाग एकाच रात्री बघू नका.