सुटं धान्य: पोत्यातलं घ्यावं का?

सुट्या मालाची खरी सोय मापात. पाव किलोच वाल हवेत, तर किलोचं पाकीट कशाला? दरातही फरक पडतो: 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला, सुट्यावर नाही.

पण वरच्या थरावर जाऊ नका. जुन्या मालावरच नवा ओततात, म्हणून भुगा आणि किडे तळाशी साचतात. मापट्याने तळचं काढून दाखवायला सांगा. मुगाला गोल भोक दिसलं, म्हणजे भुंगा आतून पोखरून बाहेर पडलाय. रव्यात जाळी धरून गुठळ्या झाल्या असतील तर अळी आहेच. शेंगदाणा चावून बघा. एक खवट दाणा अख्खं कूट बिघडवतो.

स्वतःची पिशवी किंवा डबा नेलात तर आधी तो काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला लावा, नाहीतर डब्याचेही पैसे बदामाच्या भावाने जातात.

गव्हाचं पथ्य असेल तर सुटी ज्वारी-नाचणी टाळा, मापटं सगळीकडे एकच फिरतं. दळलेली हळद, तिखट तर सुटं नकोच. भुकटीतली भेसळ डोळ्यांना कळत नाही.