लघवीचा वारंवार संसर्ग : रोज रात्रीची गोळी की दर वेळी कल्चर?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, की डॉक्टर साधारणपणे दोन वाटा पुढे ठेवतात : रोज रात्री प्रतिजैविकाची कमी मात्रेची गोळी, किंवा दर वेळी कल्चर, म्हणजे लघवीच्या नमुन्यात कोणते जंतू वाढतात ते तपासून मग औषध. मी दोन्हींवरून गेले आहे.

मूत्रपिंडांची धास्ती सर्वांनाच असते. परंतु खडा, अडथळा किंवा लघवी उलट चढण्याचा दोष नसेल आणि संसर्ग मूत्राशयापुरताच राहिला, तर प्रौढांच्या मूत्रपिंडांना त्यामुळे सहसा कायमची इजा होत नाही. तो वर चढून थंडी-ताप आणि कुशीत दुखणे सुरू झाले, तर मात्र दोन्ही वाटा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मला तसे एकदा झाले होते, त्यामुळे माझे मत थोडे भित्रे आहे, हेही सांगून ठेवते.

तत्त्वतः कल्चरची वाट अधिक शहाणपणाची आहे, कारण त्यात औषध लागेल तेव्हाच आणि जंतू पाहून दिले जाते. अडचण नमुन्याची. तो पहिल्या गोळीआधी द्यावा लागतो आणि माझी उन्हाळी नेमकी शनिवारी रात्री लागते. एकदा राहवले नाही म्हणून मागच्या कोर्समधली उरलेली गोळी घेतली, तर सोमवारच्या नमुन्यात जंतूंची वाढच आढळली नाही, जळजळ मात्र तशीच होती. पुढच्या वेळी शहाणी होऊन नमुन्याची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवली. सासूबाईंनी दोन दिवस फ्रिजला हात लावला नाही, आणि अहवाल येईपर्यंत बुधवार उजाडला.

त्यानंतर सहा महिने मी रोज रात्री जेवणानंतर नायट्रोफ्युरँटॉइनची कमी मात्रेची गोळी घेतली. लघवी गडद पिवळी होते, उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. पण त्या काळात संसर्ग एकदाच झाला. अर्थात ही गोळी सर्वांसाठी नाही : मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावले असेल, तर ती लघवीत पुरेशी उतरत नाही, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावेच लागते, आणि दीर्घकाळ घेताना कोरडा खोकला, दम किंवा पायांना मुंग्या जाणवल्या तर लगेच डॉक्टरांना कळवावे. ज्यांना रोजचे प्रतिजैविक नकोच वाटते त्यांनी मेथेनामाइन या प्रतिजैविक नसलेल्या जंतुरोधक औषधाबद्दल विचारावे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 240 स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीत ते रोजच्या प्रतिजैविकापेक्षा कमी प्रतीचे ठरले नाही.

ज्यांची प्रयोगशाळा रविवारीही उघडी असते, त्यांना कदाचित कल्चरच बरे वाटेल. मी मात्र पुन्हा वेळ आली तर गोळीच मागेन. निर्जंतुक बाटली कपाटात आहेच, कारण गोळी चालू असताना संसर्ग झाला तर कल्चर चुकत नाही.