सहा आकडी पिनकोडचं जर्मन पत्र

बीए झाल्यावर एक वर्ष मोकळं ठेवायचं, परदेशात तरुण मुलांबरोबर काम करायचं आणि मग एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला, प्रवेश घ्यायचा, असं माझ्या डोक्यात होतं. त्यापायी देवगडच्या आमच्या घरातून एक लाख तीस हजार रुपये गेले. ज्यांनी ते घेतले तीच मंडळी आता चिपळूण, रत्नागिरीकडे शिबिरं घेतायत असं कानावर आलं, म्हणून हे लिहितेय. नाव देत नाही. तक्रार पोलिसांत आहे, आणि नाव काय, ते बदलतीलच. पद्धत तीच राहील.

कुडाळच्या एका हॉलमध्ये 'मोफत मार्गदर्शन शिबिर' होतं. पडद्यावर बर्फ, फुटबॉल खेळणारी मुलं, स्वयंपाकघरात एकत्र पिझ्झा लाटणारी पोरं-पोरी. बोलणारा माणूस ब्लेझरमध्ये, पण तोंडात अस्सल मालवणी. अर्धा हॉल तिथेच त्याच्या खिशात गेला. म्हणाला, जर्मनीत युवा केंद्रात १२ महिने स्वयंसेवा करायची, राहायची-जेवायची सोय तेच करतात, वर महिन्याला हातखर्चाला पैसे.

आणि यातलं काहीही खोटं नव्हतं. जर्मनीत अशा दोन योजना खरंच आहेत. एक स्वैच्छिक सामाजिक वर्ष, २७ वर्षांखालच्या मुलांसाठी. दुसरी संघराज्याची स्वयंसेवा. सक्तीची लष्करी भरती थांबवली आणि तिच्याऐवजी मुलं करायची ती नागरी सेवाही बंद झाली, तेव्हा २०११ मध्ये ती सुरू झाली. तिला वयाची वरची अट नाही. वृद्धाश्रम, बालवाड्या, अपंगांच्या संस्था, युवा केंद्रं अशा ठिकाणी साधारण वर्षभर काम असतं. संस्था हातखर्च देते, सामाजिक विम्याचे हप्ते भरते, वर्षात २५ दिवस शिबिरांसाठी देते. भारतातली मुलंमुली जातात, परत येतात, चांगलं सांगतात. इंटरनेटवर शोधलं तर सगळं जुळतं, आणि नेमकं त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. योजना खरी, पण तिच्या दारात उभा असलेला माणूस खोटा.

नोंदणीचे पाच हजार भरले. मग फोनवर 'मुलाखत' झाली. पासपोर्ट आहे का, वडील काय करतात, बाग स्वतःची की कराराची, पैसे किती दिवसांत जमतील, एवढंच विचारलं. मुलांबरोबर आधी काही केलंय का, हे कोणी विचारलं नाही. गावच्या शाळेत मी उन्हाळी शिबिरं घ्यायची, ते सांगायची तयारी करून बसले होते. सांगायची वेळच आली नाही.

आठवडाभरात जर्मनीतल्या एका युवा केंद्राच्या नावाने निवडीचं पत्र आलं. जाड कागद, निळं बोधचिन्ह, खाली सही. पाठोपाठ 'निवड शुल्क' म्हणून पंच्याऐंशी हजार मागितले. दिवस डिसेंबरचे. कलमांना मोहोर धरत होता आणि बाबांच्या हातात वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल होती, फवारणीसाठी आणि पेट्यांसाठी. त्यातूनच दिले. आजी तेवढी अडली. "पोरांका शिकवूचा आणि वर पैशे पण आपणच भरूचे? ह्या खयचा काम रे?" बाबांनी तिला समजावलं की आई, बाहेर असंच असतं. बाहेर असं नसतं, आजीचं गणित बरोबर होतं. त्या योजनेत संस्था स्वयंसेवकाला पैसे देते.

मग व्हिसाचे चाळीस हजार. इथे एक गोष्ट लिहून ठेवा. वर्षभराच्या स्वयंसेवेला लागतो तो जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा, आणि त्याचं शुल्क ७५ युरो आहे. रुपयांत सात-आठ हजारांच्या आसपास. अर्ज करायला स्वतः जावं लागतं, आणि जर्मन भाषा थोडी तरी यावी लागते. आमच्या ब्लेझरवाल्याने सांगितलं होतं, भाषा तिकडे गेल्यावर आपोआप येते.

सहीसाठी फॉर्म आला तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. त्यांनी सगळं भरून पाठवलं होतं, मी फक्त सही करायची. प्रवासाचा उद्देश: पर्यटन. मुक्काम: १५ दिवस. सोबत मी कधीच न केलेलं हॉटेल बुकिंग. फोन केला तर म्हणे, "टुरिस्टवर जायचं, तिथे गेल्यावर बदलून मिळतो, सगळे असेच जातात." शेंगेन, म्हणजे जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांच्या सामायिक, पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. वर्षभराच्या सेवेसाठी तो व्हिसा नसतोच. आणि खोट्या माहितीखाली सही असते आपली, एजंटची नाही. उद्या विमानतळावरून परत पाठवलं तर नोंद आपल्याच नावावर होणार. मी सही केली नाही.

त्या रात्री पत्र पुन्हा काढून बसले. केंद्राच्या पत्त्यात गावाच्या नावाआधी सहा आकडे होते. जर्मनीचे पिनकोड पाच आकडी असतात. बनवणाऱ्याने सवयीने आपल्यासारखे सहा टाकले. मग ईमेलचा पत्ता पाहिला. केंद्राच्या खऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता आणि पत्रावरचा पत्ता सारखेच वाटत होते, पत्रावरच्यात मध्ये एक जास्तीची आडवी रेघ होती, एवढंच. पत्रावरच्या पत्त्यावर विचारलं असतं तर ब्लेझरवाल्यानेच छान उत्तर दिलं असतं. म्हणून मी खऱ्या पत्त्यावर लिहिलं.

दोन दिवसांत केंद्रातल्या एका बाईंचं उत्तर आलं. पत्र आमचं नाही, त्या नावाचं आमच्याकडे कोणी नाही, आणि समोरासमोर बोलल्याशिवाय आम्ही कोणाला घेत नाही. शेवटी त्या बाईंनी विचारलं होतं, 'तुमच्याकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं होतं का?' तिथे अल्पवयीन मुलांमध्ये काम करणाऱ्याला असा दाखला द्यावाच लागतो, असंही लिहिलं होतं.

मला हे पैशांपेक्षा जास्त लागलं. परक्या देशातल्या मुलांमध्ये मला वर्षभर सोडणार, आणि मी कोण आहे, माझ्यावर काही गुन्हा आहे का, हे कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. चारित्र्य प्रमाणपत्र आपल्याकडे पासपोर्ट सेवेतून निघतं, शुल्क ५०० रुपये. लाखाच्या हिशोबात हे पाचशे त्यांना सुचले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात मुलं नव्हतीच. मुलांबरोबरचं काम देतो म्हणणारा तुमच्याबद्दल काहीच विचारत नसेल, तर एक तर तिथे मुलं नाहीत, नाही तर आहेत आणि त्यांचे हाल आहेत.

दुसरी शक्यता मी उगाच लिहीत नाही. त्यांच्या माहितीपत्रकात मागच्या पानावर नेपाळ होतं, 'अनाथ मुलांसोबत दोन आठवडे'. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, जिवंत असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यांतून मुलं आणायची आणि पैसे देणाऱ्या पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून उभी करायची, हा तिथला जुना धंदा आहे, आणि युनिसेफने त्याबद्दल इशारे दिलेले आहेत. दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते, जाते. त्याच पानावर नेपाळसाठी 'व्हिसा साहाय्य' म्हणून वेगळी रक्कम लावली होती. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही!

लोक विचारतात, एवढी शिकलेली पोरगी फसली कशी. फसवणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे, माझी ती पहिलीच गाठ. दुसरं विचारतात, परवाना बघितलास का? विचारला होता. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "ही नोकरी नाही, सेवा आहे, परवाना लागत नाही." परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ती तपासता येते, आणि अशा एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. 'सेवा' हा शब्द पुढे करून ते या सगळ्यातून अलगद निसटतात.

तक्रारीचं सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवा, कळल्याच्या क्षणी. पैसे खात्यात असतील तोवरच ते गोठवता येतात. आमचे दोन हप्ते केव्हाच पुढे गेले होते. व्हिसाच्या चाळीस हजारांतले काही अडकवलेत, हातात अजून आलेले नाहीत. पैसे संस्थेच्या नाही, एका खासगी माणसाच्या खात्यात गेले होते, क्यूआर कोडखाली नाव दिसत होतं. पोलीस ठाण्यात आधी 'व्यवहारातला वाद' म्हणून बोळवण करायला बघतात. पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, ते नाव घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शिबिरातल्या आणखी काही मुलांना मी गाठलं. काहींच्या घरी अजून सांगितलेलं नाही. मी पत्राबद्दल विचारल्यावर ब्लेझरवाल्याने व्हॉट्सॲपवरचे आपले अलीकडचे मेसेज सगळ्यांकडून पुसून टाकले. माझ्याकडे स्क्रीनशॉट आधीपासून होते, म्हणून तक्रार उभी राहिली. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी त्याच्याशी भांडण्याआधी चॅट, पावत्या आणि तो व्हिसाचा फॉर्म दुसऱ्या फोनमध्ये ठेवून द्या, भांडण मग करा.